दोनदा कापलेली ओळ

आत्याला सगळी गल्ली चिमटाआत्या म्हणायची, आणि तेही तिच्या तोंडावर. एक तर तिच्या खिशात कायम चिमटा असायचा. दिवसभर चष्म्याच्या दुकानात फ्रेमचे बारीक स्क्रू धरायला, आणि संध्याकाळी घरामागच्या अंगणात पाइनच्या सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पानं, उपटायला. दुसरं कारण तिची जीभ. एखाद्या गिऱ्हाइकाने परत एकदा चष्म्यावर बसून काडी मोडून आणली, की ती काचेआडून वर न बघताच विचारायची, चष्मा नाकावर ठेवतात हे घरी कुणी सांगितलं नाही का. गिऱ्हाईक हसायचं, मालक कपाळाला हात लावायचा, पण काडी अशी बसायची की जोड दिसायचा नाही. त्यामुळे मालकाचा हात कपाळापलीकडे कधी गेला नाही.

लग्न राहून गेलं होतं, जसं कुणाचं पोहायला शिकायचं राहून जातं. त्याचं तिला फार वाटत नसावं. घर आईवडिलांचं. खाली दादा आणि वहिनी, वर जिन्यालगतच्या खोलीत आत्या. दादा-वहिनीचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला, त्याचं येणं-जाणं फोनवरच. आणि मागे अंगण, अंगणात लाकडी फळ्यांची मांडणी, मांडणीवर कुंड्या, कुंड्यांमध्ये पाइनची पोरसवदा झाडं. वीतभर, हातभर उंचीची. बोन्साय म्हणावं इतकी मोठी झालेली नाहीत आणि नुसतं रोप म्हणावं इतकी लहानही राहिलेली नाहीत, अशी. दादा म्हणायचा, ही वाढत्या वयातली पोरं आहेत, आत्ता वळण लागलं तर लागलं.

दादा आधी एका सार्वजनिक बागेत माळी होता. तिथल्या थोरल्या माळ्याने त्याला पाइन शिकवला. नोकरी सुटली तेव्हा दादाने तिथून फक्त मूठभर बिया आणल्या आणि त्यातून ही पहिली संपूर्ण स्वतःची ओळ उभी केली. बाकीची झाडं इकडून तिकडून विकत घेऊन, विकायलाच वाढवलेली, पण मागच्या खोलीच्या खिडकीसमोरच्या फळीवरची ओळ त्याच्या हातची, बीपासूनची. प्रत्येक खोडाला त्याने तार गुंडाळून हळूहळू वाक दिला होता. ती ओळ विकायची नाही, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. पण गिऱ्हाईक तिच्याकडे वळलं, की दादा त्याला दुसरीकडे काहीतरी दाखवायला घेऊन जायचा.

पाइनचं वर्ष सुयांवर चालतं. वसंतात फांद्यांच्या टोकांवर कोंब उभे राहतात, सरळ, फिकट, मेणबत्त्यांसारखे. म्हणून या घरात त्यांना मेणबत्त्याच म्हणत. फार लांबल्या तर दादा त्या बोटांनी अर्ध्यावर मोडायचा. मग उन्हाळा लागला, की अंगात जोर असलेल्या झाडाच्या मेणबत्त्या तळापासून कात्रीने कापायच्या. झाड चिडून त्याच जागी पुन्हा कोंब काढतं. हे दुसरे कोंब आखूड, त्यांच्या सुयाही आखूड, आणि लहान झाडाला लहान सुयाच शोभतात. पण हे वर्षातून एकदाच. दुसऱ्या कोंबांना हात लावायचा नाही. झाडाने साठवलेलं त्यात घातलेलं असतं, तिसऱ्यांदा काढायला त्याच्या गाठीला काही उरत नाही. मग पानगळीच्या दिवसांत सुया उपटायच्या. जुन्या सुया चिमट्यात धरून, ज्या दिशेने वाढल्या त्याच दिशेने ओढायच्या, नाहीतर साल सोलून येते. वरच्या फांद्यांवरच्या जास्त काढायच्या, खालच्या अशक्त फांद्यांवर जास्त ठेवायच्या.

"शेंडा म्हणजे घरातला थोरला," आत्या म्हणायची. "सगळं त्यालाच हवं असतं. थोडं कमी केलं, की धाकट्यांच्या पोटात जातं."

दादा तिच्यापेक्षा थोरला. तो नुसता हसायचा.

कामाची वाटणी अशी होती: मेणबत्त्या दादाच्या, सुया आत्याच्या, पाणी, माती आणि कुंड्या वहिनीच्या. आणि बोलणंही वाटलेलं होतं. आत्या आणि वहिनी एकमेकींशी बोलत नसत.

त्याला कारण होतं, आणि ऐकणाऱ्याला ते अगदी क्षुल्लक वाटायचं. फार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक झाडं बघायला आलं. आत्या कोपऱ्यात बसून सुया काढत होती. त्याने विचारलं, या कोण. वहिनी कुंडी पुसता पुसता म्हणाली, या आमच्याकडे राहतात. बस, एवढंच. ज्या घरात आत्या जन्मली, ज्या जिन्यावरून पडून तिने दुधाचे दात पाडले, त्या घरात ती ‘आमच्याकडे राहते’. त्या दिवशी तिने वहिनीला पाणी घालण्यावरून बोलून घेतलं, की तुझं पाणी आणि तुझं तोंड, दोन्ही सुरू झालं की झाडाच्या मुळ्या कुजतात. मग वहिनीही गप्प झाली. दोघींनाही वाटलं, आठवडाभरात दुसरी बोलेल. आठवडा लांबत गेला.

मधे दादा होता. जेवताना समोरासमोर बसून आत्या म्हणायची, दादा, तिला विचार मीठ संपलंय का. वहिनी भाजी वाढता वाढता म्हणायची, अहो, सांगा तिला, डब्यात आहे, डोळे उघडून बघायचं. आणि दादा मीठ पुढे सरकवून म्हणायचा, डब्यात आहे गं. ‘डोळे उघडून’ तो गिळून टाकायचा. आत्या म्हणायची, सांग तिला, नळ रात्रभर ठिबकतोय, नदी विकत घेतली आहे का. दादा वहिनीकडे वळून म्हणायचा, नळाचं वायसर बदलायला झालंय म्हणतेय. दोघींना समोरचं सगळं ऐकू यायचं, तरी दोघी त्याच्या तोंडचंच खरं मानायच्या. घरी आलेल्या पाहुण्यांची यावर फार करमणूक व्हायची. मुलगा फोनवर म्हणायचा, बाबा, तुमच्या दूतावासाला सुट्टी कधी असते.

ती सुट्टी वसंतात मिळाली. दादा मेणबत्त्या मोडून नुकताच आत आला होता, हात धुवायला नळाखाली धरले आणि उजवा हात वर येईना. अर्धांगाचा झटका. दवाखान्यातून परत आला तेव्हा उजवं अंग लुळं होतं, डोकं शाबूत होतं, आणि बोलण्यातला एकच शब्द उरला होता: हो.

भूक लागली आहे का? हो. झोपायचंय? हो. नको आहे ना हे? हो. बोलणं शिकवणाऱ्या बाई यायच्या, त्यांनी समजावून सांगितलं, की कधीकधी एवढाच एक शब्द सापडतो आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो. त्यांना आतून नाही म्हणायचं असेल, तरी तोंडून हेच येईल. त्यांच्या चेहऱ्याकडे बघा, हाताकडे बघा. आत्या आणि वहिनी दोघींनी माना डोलावल्या. ऐकलेलं कळलंही. पण इतकी वर्षं ज्याच्या तोंडच्या शब्दावर घर चाललं, त्याचं तोंड सोडून हात बघायचा, हे डोक्यात शिरलं तरी अंगवळणी पडेना.

त्याची खाट मागच्या खोलीत, खिडकीशी लावली. काचेपलीकडे त्याची ओळ.

घरात बोलणं जवळजवळ थांबलं. आत्या चहा करून दोन कप ओट्यावर ठेवायची, त्यातला एक वहिनी उचलायची. वहिनी रात्रभर जागायची, म्हणून पहाटे आत्या दादाजवळ बसायची. या पाळ्या कुणी ठरवल्या नव्हत्या. ठरवायला बोलावं लागलं असतं. आत्याला सांगायचं असायचं, की औषधाची बाटली संपत आली आहे. ती दादाकडे बघून म्हणायची, दादा, बाटली संपत आली हं. दादा म्हणायचा, हो. आणि स्वयंपाकघरातून वहिनी ऐकायची. ऐकलं तर.

उन्हाळा लागला. मेणबत्त्या कापायचे दिवस आले. आत्याने वाट बघितली, वहिनी काही करते का. वहिनी दादाला अंघोळ, मालिश, भरवणं यातून मान वर काढत नव्हती. तेव्हा आत्याने ठरवलं, यंदा आपणच. एका पहाटे तिने दादाला विचारलं, कापू ना मी? दादा म्हणाला, हो. त्याचा चेहराही हो म्हणत होता, डावा हात पांघरुणावर थोपटत होता. चार-पाच पहाटे ती अंगणात कात्री घेऊन बसली. वहिनी त्या वेळी रात्रीच्या जागरणाने गाढ झोपलेली असायची. दादा काचेतून बघायचा. आत्या कापायची नेटकी. कापलेला एकेक कोंब वेचून पिशवीत भरायची आणि दुकानात जाताना कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकायची. अंगणात तिला कचरा खपत नसे. फळीवर एक काडी राहिली नाही.

मग दादाच्या छातीत कफ साठला. पुन्हा दवाखाना. वहिनी त्याच्याबरोबर तिथेच राहिली. आत्या दुकान, दवाखान्यातले डबे आणि झाडांचं पाणी यात पळत होती. दोघी दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात एकमेकींना डबा द्यायच्या, घ्यायच्या, आणि झाकण नीट लागलंय का ते आपापलं बघायच्या.

घरी परतल्यावर वहिनीने पहिल्यांदा अंगणात डोकावलं. उन्हाळा अर्धा उलटून गेला होता. ओळीतल्या झाडांना टोकाटोकावर हिरवे कोंब. काही जागी कापल्याच्या खुणा होत्या, पण त्या दादाच्याच असणार असं तिने धरलं. झटका आला त्याच दिवशी सकाळी तो मेणबत्त्या मोडत होता, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे मोडून झाल्या, कापायच्या राहिल्या. हंगाम हातचा चाललाय आणि ही दुकानात बसून चष्मे घासतेय. दादाची ओळ. वहिनीला पाणी, माती, कुंड्या कळायच्या. कात्री तिने इतकी वर्षं फक्त लांबून बघितली होती. तरी तिने कात्री उचलली. आधी खोलीत येऊन दादाला विचारलं, अहो, मेणबत्त्या राहिल्यात, मी कापू?

दादा म्हणाला, हो.

हे सगळं आत्याला कळलं पानगळीच्या सुरुवातीला.

सुट्टीचा दिवस होता. ती स्टूल, चिमटा आणि तिचं कामाचं भिंग घेऊन ओळीसमोर बसली. पाणी घातलं तेही अंधारात, घाईने; एरवी उन्हाळाभर ती झाडांजवळ गेली नव्हती. कापल्यावर झाडाला एकटं सोडायचं असतं, आणि यंदा दुकान आणि घरचं उरकेपर्यंत संध्याकाळचा उजेडही उतरलेला असायचा. लांबून टोकं बोडकी दिसायची. तिला वाटायचं, यंदा उशीर झालाय, येतील. आता भिंग लावून तिने पहिल्या झाडाचं टोक बघितलं. कोंब नव्हता. कोंबाच्या जागी वाळलेला, चपटा, कापलेला तुकडा. त्याच्या खाली आणखी एक कापल्याची जुनी खूण, तिची स्वतःची. दुसरं झाड. तिसरं. आधी तिला रोग वाटला. मग पक्षी. पण पक्षी इतकं सरळ कापत नाहीत. शेवटच्या झाडापर्यंत जाऊन ती परत पहिल्याशी आली, जणू पहिलं तेवढं चुकून बघितलं असावं.

ती चिमटा हातात तसाच घेऊन आत गेली. वहिनी दादाला फळाच्या फोडी भरवत होती. आत्या दाराशी उभी राहिली आणि सवयीने म्हणाली,

"दादा, तिला विचार, माझ्या मागे ओळ कुणी कापली."

"हो," दादा म्हणाला.

वहिनी फोड धरून थांबली. तीही त्याच्याकडेच बघून म्हणाली, "सांगा तिला, मी कापली. कुणीतरी कापायलाच हवी होती ना?"

"हो," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

आत्याने पहिल्यांदाच दादाकडून नजर काढून वहिनीकडे नेली.

"मी कापली होती," ती म्हणाली. "उन्हाळा लागतानाच. सगळी."

वहिनीला ते समजायला एक क्षण लागला. मग फोड परत ताटलीत गेली. आणि जे ती बोलली ते कुणाला सांगितल्यासारखं नव्हतं, आठवल्यासारखं होतं.

"मी कापत होते तेव्हा हे काचेवर हात आपटत होते. हो, हो, हो करत होते. मी वळून हसले यांच्याकडे बघून. मला वाटलं, खूश झालेत."

दादा डोळे मिटून पडला होता. मिटलेल्या पापण्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि डाव्या हाताने तो ते पुसायचा प्रयत्न करत नव्हता.

आत्याला फार काही बोलायचं होतं. एरवी दादाच्या हाती तिने सगळं दिलं असतं आणि त्याने त्यातलं धारदार काढून घेऊन उरलेलं पुढे केलं असतं. आता मधे कुणी नव्हतं. म्हणून जे आलं ते सालीसकट आलं. तुला एवढं दिसलं नाही, दुसरा कोंब आणि पहिला कोंब यात फरक असतो? वहिनी म्हणाली, दिसलं नाही, मी मातीतली, मला कात्रीचं कुणी शिकवलंच नाही, तुम्ही दोघं भाऊ-बहीण तिकडे डोकं लावून बसायचात आणि मी पाण्याची झारी घेऊन उभी. आणि तू, तू कापलंस तर सांगायला तोंड नव्हतं? आत्या म्हणाली, तुझ्याशी? वहिनी म्हणाली, भिंतीशी सांगायचंस, मी ऐकलं असतं, मी रोज तेच करत होते, तुझ्या प्रत्येक शब्दाला कान देऊन.

"आमच्याकडे राहतात," आत्या म्हणाली. इतक्या वर्षांनी, तेवढेच दोन शब्द.

वहिनीला कळलंच नाही ती काय म्हणतेय. ते जेव्हा आत्याला कळलं, की वहिनीला तो दिवस, ते गिऱ्हाईक, ते वाक्य, काहीच आठवत नाही, की ती इतकी वर्षं फक्त पाण्यावरच्या टोमण्यासाठी गप्प होती, तेव्हा ती वर निघून गेली. चिमटा ओट्यावर राहिला.

पण झाडं अंगणात होती, आणि थंडी येत होती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावंच लागलं, आणि तेही थेट. ते बोलणं काही गोड नव्हतं. इतकी वर्षं न वापरलेली वाट. दोघी ठेचकाळत होत्या. वहिनीचं म्हणणं, दरवर्षीसारख्या सुया उपट, आत उजेड जाईल, आत कुठे कोंबाचा झोपलेला डोळा असेल तर जागा होईल. आत्या म्हणाली, यंदा एकही सुई काढायची नाही. कोंब नाहीत, म्हणजे झाडाकडे जेवायला फक्त या जुन्या सुया आहेत. त्याही काढल्या तर त्याने खायचं काय? वहिनी म्हणाली, मग तुझं काम काय उरलं. आत्या म्हणाली, बघत बसायचं.

तो हिवाळा तिने तसाच काढला. चष्म्याचं दुकान उघडायच्या आधी ती ओळीसमोर बसायची आणि काहीही करायची नाही. सुया लांब, गबाळ्या, पिवळट पडत चाललेल्या. बोटं शिवशिवायची. वहिनी पाणी आता मोजून, माती बोटाने चाचपून घालायची, आणि चाचपताना आत्याकडे बघायची, पुरे का. आत्या मान हलवायची. कुंड्यांभोवती त्यांनी पोती गुंडाळली. दोघींनी मिळून, एकीने धरायचं, दुसरीने दोरी बांधायची, आणि बांधताना एकमेकींच्या हातांना हात लागले की दोघी किंचित मागे व्हायच्या.

वहिनीने एकदा सुचवलं, ओळ खिडकीसमोरून हलवू या, अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवू, यांना रोज ते दिसायला नको. आत्याला ते पटलं नाही. दादाला वाटेल मेली म्हणून नेली, ती म्हणाली. वहिनी म्हणाली, आणि इथेच मेली तर? ओळ तिथेच राहिली. पण त्या महिन्यात कधीतरी दादाने खाटेवर कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. त्याला वळवून खिडकीकडे केलं, की थोड्या वेळाने परत भिंत. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ते प्रयत्न करायचे थांबलेत. आत्याने विचारलं, झाडं जगली तर? बाई म्हणाल्या, त्याचं मी काय सांगू. पण दाराशी चपला घालता घालता पुन्हा म्हणाल्या, काहीतरी हवं, हे खरं.

त्या दिवसापासून आत्या झाडांपुढे बसायची ती नुसती झाडांसाठी नव्हे.

थंडी ओसरली. ओळीतली काही झाडं तांबूस झाली. आधी वरून, मग खाली. काहींची साल नखाने खरवडली, की आत हिरवं निघायचं. काहींची कोरडी, तपकिरी. आत्या खरवडायची तेव्हा वहिनी तिच्या मागे येऊन उभी राहायची आणि विचारायची नाही.

मग एके दुपारी दुकानातला फोन वाजला. मालकाने उचलला, ऐकलं, आणि भुवया उंचावून आत्याकडे दिला. पलीकडे वहिनी होती. तिने दुकानात कधी फोन केला नव्हता. आत्याला वाटलं, दादा.

"एकाला कोंब आलाय," वहिनी म्हणाली. "कडेच्या. सुयांच्या जोडीच्या मधून, इवलासा. तू ये."

"वर की खाली?"

"खाली. सगळ्यात खालच्या फांदीला."

वहिनीने विचारलं, ऐकतेस ना? आत्या म्हणाली, येते.

ती आली, भिंग लावून बघितलं. खरंच होता. जुन्या, गबाळ्या, न उपटलेल्या सुयांच्या बेचक्यातून हिरवा ठिपका, मोहरीएवढा. आणि त्याच्या वरचं सगळं खोड, दादाने वर्षानुवर्षं तार गुंडाळून वळवलेलं, वाकवलेलं, कोरडं ठणठणीत. झाड जगणार होतं, पण ते झाड नाही. त्या खालच्या फांदीपाशी खोड कापायचं, फांदीला वर उभं करायचं आणि पुन्हा शून्यापासून. दादाने दिलेला वाक कापून टाकायचा.

तिने हे वहिनीला सांगितलं. वहिनीने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, कापलं नाही तर कोंब मरेल? आत्या म्हणाली, लगेच नाही. पण कधीतरी कापावं लागेलच. आणखी दोन झाडांना असेच खाली ठिपके दिसत होते. बाकीच्यांचं काही सांगता येत नव्हतं. निम्म्यांचं तर सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"त्यांना विचारू," वहिनी म्हणाली.

"विचारू, पण तोंडाला नाही," आत्या म्हणाली.

दोघींनी कुंडी आत आणली. दादाला उशा लावून बसवलं, मांडीवर जाड टॉवेल पसरला, त्यावर कुंडी ठेवली. आत्याने भिंग त्याच्या डोळ्यांपुढे धरलं आणि तो ठिपका दाखवला. दादा बराच वेळ बघत राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याची मान आपणहून पुढे आली. आत्याने त्याला सांगितलं, सगळं, काही न वगळता. वरचं गेलंय. इथे कापायचं. वहिनी शेजारी कात्री घेऊन उभी होती, कारण ती म्हणाली होती, यंदा शिकव मला, मी कापते, पण तू बघ.

"कापू, दादा?"

"हो," दादा म्हणाला.

वहिनीने कात्री उचलली नाही. दोघी त्याच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. तो हात पांघरुणावरून सावकाश उठला, कुंडीपर्यंत आला, आणि त्याने वाळलेल्या खोडाचा वाक मुठीत धरला. घट्ट. सुया त्याच्या बोटांमधून सुटून टॉवेलवर पडू लागल्या, एकेक, तांबड्या. त्याने त्या पडताना बघितल्या. तरी मूठ सोडली नाही.

"हो," तो पुन्हा म्हणाला. "हो, हो."

"बरं," वहिनी म्हणाली. "आज नको."

तिने कात्री कपाटावर ठेवली आणि टॉवेलवरच्या सुया वेचायला बसली. आत्याने दुकानात फोन करून सांगितलं, की आज परत येणं जमणार नाही. मालकाने कारण विचारलं. ती म्हणाली, घरी काम आहे, किती वेळ लागेल माहीत नाही. मग तिने स्टूल ओढून दादाच्या दुसऱ्या बाजूला घेतलं, कुंडी कलू नये म्हणून खालून हात लावला, आणि तो सोडेपर्यंत बसून राहिली.